व्हेस्टिब्युलर श्वानोमा आणि कॉक्लियर इम्प्लांट

व्हेस्टिब्युलर श्वानोमा ही मेंदूकडून कानाकडे जाणाऱ्या आठव्या मज्जातंतूच्या, त्यातही तोल सांभाळणाऱ्या शाखेच्या, श्वान पेशींपासून (मज्जातंतूभोवती आवरण तयार करणाऱ्या पेशींपासून) निर्माण होणारी, कर्करोग नसलेली आणि बहुधा संथ वाढणारी गाठ आहे. 'अकूस्टिक न्यूरोमा' हे तिचे जुने नाव आजही कानी पडते, परंतु गाठ ऐकण्याच्या शाखेत उगवत नसल्याने ते नेमके नाही. बहुतेक रुग्णांत ती एकाच बाजूला असते. न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार २ या विकारात, २२व्या गुणसूत्रावरील जनुकातील दोषामुळे, ती दोन्ही बाजूंना होते.

पहिली तक्रार बहुधा साधी असते. माणूस फोन नकळत दुसऱ्या कानाला लावू लागतो, एका कानात सतत शिट्टी वाजते, आणि आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे चालू असताना बोली कोणत्या बाजूने आली, हे ओळखायला दोन कान लागतात. एका कानाने ऐकणाऱ्याला ते गलक्यात कळत नाही. 'एका कानाने भागते' हा रुग्णाला दिला जाणारा दिलासा म्हणूनच अपुरा आहे. एकाच कानाचे ऐकणे कारणाविना कमी झाल्यास ते वयावर न ढकलता श्रवणचाचणी आणि एमआरआय करून घेणे आवश्यक ठरते. सांगली-मिरजेत व कराडला या तपासण्या होतात; शस्त्रक्रियेसाठी मात्र अनेकांना पुणे-मुंबईची वाट धरावी लागते.

गाठीवर नियमित एमआरआयने लक्ष ठेवणे, रेडिओसर्जरी (चिरफाड न करता गाठीवर नेमके किरण रोखणे) आणि शस्त्रक्रिया हे तीन मार्ग आहेत, आणि यांपैकी कोणत्याही मार्गात ऐकू येणे जाऊ शकते. कॉक्लियर इम्प्लांट बाहेरच्या ध्वनीचे विद्युत्‌ संकेतांत रूपांतर करून ते कानातील शंखासारख्या कॉक्लियात बसवलेल्या विद्युत्‌-अग्रांद्वारे थेट श्रवणतंतूला देते. कॉक्लिया निकामी झाला तरी तंतू जिवंत असेल तर उपाय उरतो. तंतू तुटला असेल तर इम्प्लांट निरुपयोगी ठरते. कानामागचे हाड व आंतरकर्णाचा भाग कोरून गाठ काढण्याच्या पद्धतीत त्या कानाचे ऐकणे जाते, पण श्रवणतंतू जपता आला आणि विद्युत्‌ उत्तेजनाला तो प्रतिसाद देतो असे शस्त्रक्रियेतच दिसले, तर त्याच बैठकीत इम्प्लांट बसवता येते. नंतर बघू म्हणणे येथे महागात पडते, कारण अशा शस्त्रक्रियेनंतर कॉक्लियाच्या आत तंतुमय ऊती किंवा हाड भरू लागते आणि मग विद्युत्‌-अग्रे आत सरकत नाहीत. इम्प्लांटचा विषय गाठ काढण्याआधीच रुग्णापुढे मांडला जायला हवा.

टिकलेला तंतूही हमी देत नाही. काहींना फोनवर बोलता येते, काहींना केवळ आवाजाची चाहूल आणि ओठ वाचण्यास मदत मिळते. इम्प्लांटमधील चुंबकामुळे पुढील एमआरआयमध्ये त्याच बाजूच्या चित्रावर सावली पडते. गाठ पुन्हा वाढते का हे पाहायचे असल्याने ही अडचण गंभीर आहे. म्हणून इम्प्लांटचा त्वचेखालचा, चुंबक असलेला भाग कोठे बसवायचा हे आधीच ठरवतात.

संगीताबाबत अपेक्षा आवरत्या ठेवाव्या लागतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत जवारी लावतो, तेव्हा एका तारेतून उमटणारे असंख्य सूक्ष्म स्वर कान टिपतो. निरोगी कॉक्लियात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे ३,५०० आंतरिक केशपेशी असतात, तर इम्प्लांटमध्ये अग्रे बहुधा १२ ते २२. त्यामुळे लय चांगली कळते, स्वराचा रंग पुसट होतो. हे आधी सांगितले नाही, तर त्या परिसरातील रुग्णाचा विरस होतो.

तंतू वाचवता न आल्यास मेंदूच्या देठातील श्रवणकेंद्रकावर, म्हणजे श्रवणतंतू जेथे पोहोचतो त्या पेशींच्या पुंजक्यावर, अग्रे ठेवणारे ब्रेनस्टेम इम्प्लांट हा पर्याय उरतो. विल्यम हाउस आणि विल्यम हिट्सेलबर्गर यांनी १९७९ मध्ये लॉस एंजेलिस येथे ते प्रथम बसवले. दोन्ही बाजूंच्या गाठी असलेल्यांसाठी त्याचा मुख्य उपयोग होतो, परंतु शब्द कळण्याच्या बाबतीत ते सहसा कॉक्लियर इम्प्लांटची बरोबरी करत नाही. भारतातील सरकारी साहाय्याचा भर जन्मतः बहिऱ्या लहान मुलांवर आहे. प्रौढ वयात गाठीमुळे एक कान गमावलेल्या माणसाला खर्चाचा मोठा भाग स्वतःच उचलावा लागतो.