फुलपाखरांचे छायाचित्रण

फुलपाखरू न पकडता, त्याच्या अधिवासातच, जात ओळखता येईल असे छायाचित्र घेण्याची पद्धत. साधारणतः २००० नंतर डिजिटल कॅमेरे आवाक्यात आले, तशी ती हौशी अभ्यासकांत रूढ झाली. सातारा जिल्ह्यात कासचा सडा (खडकाळ पठार; २०१२ पासून जागतिक वारसा यादीत), कोयना अभयारण्य आणि महाबळेश्वरची जंगले फुलपाखरांसाठी प्रसिद्ध असली, तरी नवख्याने गावाबाहेरच्या रुईपासून सुरुवात करावी हे बरे.

चांगले छायाचित्र भिंगापेक्षा वेळेवर अवलंबून असते. फुलपाखरू शीतरक्ती असून उडण्यापूर्वी त्याचे छातीचे स्नायू तापावे लागतात. म्हणून सकाळी ते पंख पसरून उन्हात बसते. ही उष्णता पंखांतील शिरांमधून वाहणाऱ्या रक्तामार्फत शरीरात येते, असे पूर्वी मानत. प्राणिशास्त्रज्ञ वासरताल यांच्या प्रयोगांनंतर (१९७५) हे मत मागे पडले. पंखांचा बुडाकडचा भाग आणि पंखांखाली अडकलेली ऊबदार हवा यांनाच आता महत्त्व देतात. पांढऱ्या जातींचे अर्धवट उघडे पंख आरशाप्रमाणे ऊन अंगावर टाकतात, हे जीवशास्त्रज्ञ किंग्सॉल्व्हर यांचे प्रतिपादन (१९८५). कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख यांनी १९९० मध्ये त्यावर घेतलेले आक्षेप अधिक पटणारे वाटतात. छायाचित्रकाराच्या कामाचे एवढेच, की ग्रास यलोसारखी पिवळी फुलपाखरे बसताना पंख मिटूनच ठेवतात. त्यांची वरची बाजू टिपण्यासाठी ताटकळू नये.

कासवर भाद्रपदात ढग आला की फुलपाखरे गवतात उतरून निपचित बसतात. जवळ सरकायचे ते तेव्हाच, मात्र पायवाट न सोडता. ऊन पडताच पंख उघडतात आणि दोन-चार मिनिटे हाती लागतात. सड्यावरचा वारा देठ हलवत असल्याने शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवावा. कॅमेऱ्याची पाठ पंखांना समांतर धरल्यास एफ ८ वरही (एफ म्हणजे भिंगाच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तसे छिद्र लहान आणि अधिक खोलीपर्यंत स्पष्टता) कडेपर्यंत खवले स्पष्ट येतात; कोन चुकला, तर एफ १६ ने फारसे साधत नाही. फोकस डोळ्यावर. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये, ती पडताच ते उडते.

ओढ्याकाठच्या ओल्या मातीतून क्षार, मुख्यतः सोडियम, शोषणारे नर इतके गुंग असतात, की कोपरांवर रांगत वीतभर अंतरापर्यंत जाता येते. राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉनचे (घोषणा २०१५) नरही अशा जागी उतरतात. एरवी ते क्वचितच स्थिर बसते.

रुईवरच्या प्लेन टायगर या फुलपाखराचे उड्डाण संथ असते. अंगातील विषामुळे पक्षी त्याला टाळतात. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या जातीची मादी त्याचीच नक्कल करते, म्हणून एकाच बाजूने न थांबता पुढचे-मागचे दोन्ही पंख दिसतील असे छायाचित्र घ्यावे : मागच्या पंखाच्या मध्यावर प्लेन टायगरला तीन (नरात चार) काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला तेथे एकही नसतो, तिचा एकुलता ठिपका वरच्या कडेला असतो.