चुंबक तोडला तर उत्तर ध्रुव कोणाच्या वाट्याला?

पट्टीचुंबक मधोमध तोडला तर काय होईल, असं मी प्रत्येक वर्गात विचारतो. बहुतेक मुलं एकच उत्तर देतात: एका तुकड्यात उत्तर ध्रुव, दुसऱ्यात दक्षिण. अर्धा लाल, अर्धा निळा रंगवलेला चुंबक पाहून दुसरं काय वाटणार? शाळेत टाचणी चिकटते, खोडरबर चिकटत नाही, एवढी यादी झाली की चुंबकाची पेटी बंद होते. खरी गंमत तिथून पुढे आहे.

एक जाड पोलादी सुई घ्या. चुंबकाच्या उत्तर ध्रुवाने ती नेढ्याकडून टोकाकडे घासा, टोकाशी चुंबक उचला आणि हवेतूनच परत नेढ्यापाशी आणा. मागेपुढे घासायचं नाही. तीस-चाळीस वेळा असं केलं की सुई चुंबक होते आणि तिच्या टोकाशी दक्षिण ध्रुव येतो. होकायंत्राजवळ नेऊन तपासा, पण नुसत्या आकर्षणावर विसंबू नका. साधं लोखंडही होकायंत्रातल्या सूचीची दोन्ही टोकं ओढतं. सूचीचं एखादं टोक दूर पळालं, तरच सुई चुंबक झाली म्हणायचं. आता मोठ्या माणसाने ती फडक्यात गुंडाळून पकडीने मोडावी. प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव! चार तुकडे केले तरी तेच.

याचं कारण परीक्षानळीत दिसतं. नळी पाऊण भरेल इतका लोहकीस घाला, बूच लावा, आडवी धरून वरून तसाच चुंबक फिरवा. विस्कटलेला कीस सळसळतो आणि दाणे रांगेत लागतात. ही नळीही हळूच जवळ नेली, तर सूचीचं एक टोक दूर ढकलते. आता ती खळखळून हलवा. कीस तेवढाच, चुंबकत्व मात्र गेलं.

सुईच्या आतही असंच काहीसं आहे. लोखंडाचा प्रत्येक अणू इवलासा चुंबक असतो आणि शेजारचे असंख्य अणू एकाच दिशेला तोंड करून असतात. अशा पट्ट्यांना डोमेन म्हणतात. ही कल्पना प्येर वाइस यांनी 1907 मध्ये मांडली. एरवी डोमेनची तोंडं निरनिराळ्या दिशांना असल्याने त्यांचा परिणाम एकमेकांत जिरतो. घासताना किसाचे दाणे हलतात, तसे अणू मात्र जागा सोडत नाहीत. सरकते ती डोमेनमधली सीमा: अनुकूल दिशेचा डोमेन शेजाऱ्याचे अणू आपल्या बाजूला वळवत वाढत जातो. ही सीमा अडखळत, झटक्याझटक्याने पुढे जाते. बार्कहाउझेन यांनी 1919 मध्ये लोखंडाभोवती तारेचं वेटोळं गुंडाळून ते झटके चक्क ऐकवले. पोलादात सीमा अडकून राहतात, म्हणून सुई चुंबक राहते. मऊ लोखंड लगेच विसरतं.

लसूण चोळला की चुंबक निकामी होतो, अशी जुनी समजूत होती. विल्यम गिल्बर्ट यांनी 1600 मध्ये ती खोडून काढली. आज चुंबकी कडी विकणारे रक्तातल्या लोहाचा दाखला देतात, तोही तितकाच पोकळ आहे. हिमोग्लोबिनमधलं लोह सुटंसुटं बसलेलं असतं, त्याचे डोमेन बनत नाहीत. प्राणवायूने भरलेलं रक्त तर चुंबकापासून किंचित दूरच ढकललं जातं. धोका खरा आहे तो छोट्या, शक्तिशाली चुंबकांचा. दोन गिळले गेले तर ते आतड्याला चिमटा घेतात, म्हणून लहान मुलांच्या हाती ते देऊच नका.

शेवटचा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा. चुंबक झालेली सुई चिमट्यात धरून ज्योतीत लालबुंद तापवा. लोखंड 770 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की अणूंची शिस्त मोडते. मग ती पूर्व-पश्चिम ठेवून गार होऊ द्या. उत्तर-दक्षिण ठेवलीत, तर पृथ्वीच तिला पुन्हा थोडीशी चुंबक बनवते.