आरे: झाडं मोजली, जंगल राहून गेलं

मुंबईतलं आरे हे जंगल आहे की नाही? तिथल्या मेट्रो कारशेडचा, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आगाराचा सगळा वाद शेवटी या एका प्रश्नाशी येऊन थांबायचा. तिथल्या पाड्यांवर वाघोबाला पुजणाऱ्या वारल्यांना तो कधी पडला नसावा. सरकारी कागदावर मात्र आरे म्हणजे म्हशींची वसाहत.

मुंबईतले तबेले शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ साली गोरेगावला ही दुग्धवसाहत वसली. जागा सुमारे १,२८७ हेक्टर, ताबा दुग्धविकास खात्याचा. गोठ्यांच्या आजूबाजूची कुरणं, झाडोरा, ओढे तसेच राहिले. लागूनच बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. दोन खात्यांमधली हद्द बिबट्याला कोण समजावणार? तो येत-जात राहिला. जमीनही हळूहळू सुटत गेली. १९७७ साली चित्रनगरीलाच ५२० एकर मिळाली.

शहरातल्या झाडांसाठी राज्याने १९७५ साली कायदा केला आणि झाडतोडीला परवानगी देणारी वृक्ष प्राधिकरणं आली. कायदा चांगला, पण त्याचं एकक एकेक झाड. इतकी तोडायची, इतकी दुसरीकडे हलवायची, बदल्यात इतकी लावायची. रस्त्याकडेच्या गुलमोहराला हा हिशेब पुरतो. अधिवासाला पुरत नाही, कारण तिथे झाडाखालचं गवत, वेली आणि जनावराची वाटही जाते. त्यांना आकडा नसतो. १९९६ साली गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल, तेही वनकायद्याखाली येईल असं म्हटलं होतं. मालकी कुणाची हे बघायचं नाही. आरेप्रेमींची भिस्त त्यावरच होती.

मेट्रो-३ च्या कारशेडसाठी सुमारे ३३ हेक्टर जागा ठरली आणि २०१४ पासून विरोध सुरू झाला. डिसेंबर २०१६ मध्ये उद्यानाभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र, म्हणजे बांधकामावर बंधनं असलेला पट्टा जाहीर झाला, त्यातून कारशेडच्या जागेसह आरेतले १६५ हेक्टर वगळलेले. माझ्या मते खरा निकाल तिथेच लागला होता. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये वृक्ष प्राधिकरणाने २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ हलवायला मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, आरेला जंगल म्हणायलाही नकार दिला. त्याच रात्री करवती चालल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं गेली होती.

मग सरकारं बदलली तशी कारशेड कांजूरमार्गला गेली आणि २०२२ मध्ये परत आली. मधल्या काळात आरेतली ८१२ एकर जमीन तेवढी वनखात्याकडे गेली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेट्रोला आणखी ८४ झाडांसाठी अर्ज करू दिला. प्राधिकरणाने परवानगी दिली १७७ ची. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालय यावर रागावलं, मेट्रो कंपनीला १० लाख भरायला लावले, पण १७७ झाडं तोडायची मुभाही दिली. पैसे भरायचे होते वनसंरक्षकांकडे.