सुनावणी आणि प्रश्न विचारणारे

कामगार कायदा बदलायचा म्हटलं की अनेकदा आधी जाहीर सुनावणी होते. मालक बोलतात, संघटना बोलतात, सगळं नोंदवलं जातं. ही पद्धत भांडणांतून रुळली, आणि बहुतेक वेळा वाद पेटला तो समोर बसून प्रश्न विचारणार कोण यावरून.

ब्रिटनमध्ये १८३२ साली मायकेल सॅडलर यांच्या संसदीय समितीने कापड गिरण्यांत लहानपणापासून राबलेल्यांच्या साक्षी घेतल्या. साक्षीदार निवडून आणलेत, शपथही दिलेली नाही, अशी ओरड मालकांनी केली. सरकारने नवा आयोग नेमला. गंमत म्हणजे, त्यानंतरच १८३३ चा कारखाना कायदा आला. बहुतेक कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना मनाई झाली आणि पाहणीसाठी चार सरकारी निरीक्षक नेमले गेले.

अमेरिकेत निमित्त स्फोटाचं होतं. १९१० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या इमारतीत बॉम्ब फुटून २१ जण मेले; मुळाशी मालक-कामगार संघर्ष होता. १९१२ च्या कायद्याने औद्योगिक संबंध आयोग स्थापन झाला. त्यात मालकांचे तीन, कामगारांचे तीन आणि जनतेचे तीन प्रतिनिधी होते. अध्यक्ष होते वकील फ्रँक वॉल्श. एप्रिल १९१४ मध्ये कोलोरॅडोतल्या लडलो इथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर गोळीबार झाला, तंबू जाळले गेले, बायका-मुलंही मेली. जानेवारी १९१५ मध्ये त्या खाण कंपनीचे बडे मालक धाकटे जॉन डी. रॉकफेलर यांनी आयोगासमोरच्या साक्षीत कारभार तिथल्या अधिकाऱ्यांवर सोपवल्याचं सांगून हात झटकले. वॉल्श यांनी कंपनीचा पत्रव्यवहार मागवला आणि मे महिन्यात तीच पत्रं समोर ठेवून त्यांची उलटतपासणी केली. अधिकाऱ्यांच्या ताठर भूमिकेला रॉकफेलर यांचा पाठिंबा होता, हे त्या पत्रांतून दिसलं. माझ्या मते सुनावणीचं खरं बळ इथे आहे: कागद मागवण्याचा अधिकार नसेल, तर मोठा माणूस सभ्यपणे बोलून निघून जातो. सदस्यांचं शेवटी एकमत झालं नाही, अहवाल वेगवेगळे निघाले. साक्षी मात्र छापून कायमच्या राहिल्या.

भारतात १९२९ साली कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारा, ब्रिटिश सरकारचा व्हिटली आयोग आला. कामगार नेते ना. म. जोशी त्याचे सदस्य. पण सरकारने नेमलेल्या आयोगासमोर जायचंच कशाला, असं म्हणत आयटक या देशव्यापी कामगार संघटनेच्या नागपूर अधिवेशनाने बहिष्काराचा ठराव केला. जोशींसह नेमस्त बाहेर पडले, संघटना फुटली. आयोगाने काम पुरं करून १९३१ मध्ये अहवाल दिला. पगार वेळेवर देण्याचं आणि मनमानी कपातीला आळा घालण्याचं बंधन मालकांवर आलं ते पुढे १९३६ च्या कायद्याने.