फ्रेंच-जर्मन शालेय एक्सचेंज

फ्रान्स आणि जर्मनीतल्या शाळकरी, मुख्यतः टीनएजर मुलामुलींनी एकमेकांच्या घरी राहायचं, एकमेकांच्या वर्गात बसायचं आणि नंतर त्याच मुलाला किंवा मुलीला आपल्या घरी बोलवायचं, अशी ही प्रथा. आज तिचा मुख्य आधार म्हणजे ५ जुलै १९६३ ला स्थापन झालेलं फ्रेंच-जर्मन युथ ऑफिस. शाळेबाहेरचे कार्यक्रम धरून आत्तापर्यंत ९० लाखांहून जास्त तरुण या संस्थेच्या मदतीने जाऊन आलेत. १८७० ते १९४५ या ७५ वर्षांत हे दोन देश तीनदा लढले आणि 'पिढीजात वैरी' हे बिरुद दोन्हीकडे इतकं रुळलं होतं की लोकांना ते निसर्गनियमासारखं वाटायचं, ही पार्श्वभूमी.

सुरुवात कधीची

इथेच वाद आहे. सरकारी समारंभांत सांगतात ती गोष्ट अशी: सप्टेंबर १९६२ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल पश्चिम जर्मनीच्या दौऱ्यावर आले, ९ तारखेला लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याच्या अंगणात त्यांनी जर्मन तरुणांसमोर चक्क जर्मनमधून भाषण केलं, मग २२ जानेवारी १९६३ ला जर्मन चॅन्सेलर आडेनाउअर यांच्याबरोबर एलिझे करार, म्हणजे दोन देशांमधला मैत्रीचा करार, झाला आणि त्यातल्या तरुणांविषयीच्या तरतुदीतून युथ ऑफिस निघालं. तारखा सगळ्या बरोबर आहेत, पण सगळं तिथूनच सुरू झालं हे काही पटत नाही. कोरिन दफ्रांस आणि उलरिश फाइल यांच्यासारख्या इतिहासकारांनी १९४५ नंतरच्या नागरी संस्था, चर्चमधली मंडळी आणि नगरपालिका यांच्या कामावर भर दिलाय, आणि पुरावे बघता त्यांची बाजू जास्त भक्कम वाटते.

कारण ऑगस्ट १९४५ मध्येच, म्हणजे शहरं अजून ढिगाऱ्यात असताना, जाँ द्यू रिव्हो या फ्रेंच जेझुइट (कॅथलिक पंथातल्या) पाद्र्याने जर्मनीतल्या ऑफेनबुर्गमध्ये दोन्ही देशांना जोडणारी संस्था काढली, १९४८ मध्ये लुडविग्सबुर्गला फ्रेंच-जर्मन इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि १९५० च्या सुमारास त्याच लुडविग्सबुर्गचं फ्रान्समधल्या माँबेलियारशी नातं जुळलं, जे युद्धानंतरचं या दोन देशांतलं पहिलं जुळं-शहर नातं मानतात (कागदोपत्री शिक्कामोर्तब बऱ्याच उशिरा झालं, त्यामुळे काही ठिकाणी नंतरचं वर्ष दिलेलं आढळतं). माँबेलियारचे तेव्हाचे महापौर ल्युसियाँ थारादाँ हे स्वतः नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून वाचून आलेले. अशा माणसाने गावातल्या लोकांना जर्मनांशी हात मिळवा म्हणणं आणि पॅरिसमधल्या मंत्र्याने म्हणणं यात फरक पडतोच. म्हणजे १९६३ च्या कराराने एक्सचेंज जन्माला घातलं नाही, चालू असलेल्या गोष्टीला पैसे, ऑफिस आणि दोन सरकारांचा शिक्का दिला.

आणखी मागेही जाता येतं. साधारण १८९६-९७ च्या सुमारास पॉल मिएय या फ्रेंच शिक्षकाने शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहाराची कल्पना मांडली, जर्मनीत लाइपझिगच्या मार्टिन हार्टमान यांनी ती उचलून धरली. पण पत्रं लिहिणं आणि तीन आठवडे एका बाथरूमसाठी रांग लावणं या दोन वेगळ्या गोष्टी, त्यामुळे त्याला फार तर पूर्वपीठिका म्हणावं.

दोन महायुद्धांमधला काळ मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही, जरी गौरवपर लिखाणात तो पटकन उरकला जातो. १९२५ च्या लोकार्नो करारांनंतर (त्यांत फ्रान्स आणि जर्मनीने आपापसातली सीमा मान्य केली) तरुणांच्या भेटीगाठी वाढल्या, आणि १९३० मध्ये ब्लॅक फॉरेस्टमधल्या झोलबर्ग टेकडीवर जर्मन ओटो आबेट्झ आणि फ्रेंच जाँ ल्युशेर यांच्या पुढाकाराने मोठं शिबिर झालं, शेकोटी, गाणी, चर्चा सगळं आजच्यासारखंच. पुढे हाच आबेट्झ जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये हिटलरचा राजदूत झाला आणि ल्युशेरला नाझींना साथ दिली म्हणून १९४६ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. नुसत्या भेटी घडवल्या की झालं असं मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

घरात आणि वर्गात

नेहमीचा प्रकार म्हणजे वर्गाने मिळून आठवडा-दोन आठवडे जायचं. त्याहून लांबचे दोन: ब्रिजित सोझे कार्यक्रमात साधारण तीन महिने आणि २००० मध्ये सुरू झालेल्या व्होल्तेर कार्यक्रमात सहा महिने दुसऱ्या देशात, आणि तेवढाच काळ तो पार्टनर तुमच्या घरी. सोझे या फ्रेंच राष्ट्राध्यक्षांच्या दुभाषी होत्या, नंतर जर्मन चॅन्सेलर श्रोडर यांच्या सल्लागार झाल्या.

मुलं डोक्यात जे घेऊन जातात ते ठरलेलं असतं, जर्मन म्हणजे शिस्त आणि सॉसेज, फ्रेंच म्हणजे नखरे आणि उशीर. प्रत्यक्षात खटके भलत्याच ठिकाणी उडतात. जर्मन घरात संध्याकाळी सहा-साडेसहाला ब्रेड, चीज, काकडी असं थंड जेवण समोर येतं, फ्रेंच पोरगं ते चखणं समजून खऱ्या जेवणाची वाट बघत बसतं आणि उपाशीच झोपतं. उलट जर्मन मुलीची सकाळ वाडग्यातून हॉट चॉकलेट पिण्यात जाते, पण शाळा संपता संपत नाही, कारण तिच्याकडे पूर्वापार एक-दीडला सुट्टी व्हायची आणि इथे पाच वाजतात, मग जेवण आठला. रस्ता रिकामा असताना लाल सिग्नलला थांबायचं की नाही यावर तर हमखास वाद.

पूर्वग्रह जातात का

याचं उत्तर बहुतेक जण मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांच्या १९५४ च्या मांडणीपासून सुरू करतात: दोन गटांच्या संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायला हवे असतील तर दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, काम मिळून करायला हवं आणि वरच्या संस्थांचा पाठिंबा हवा. १९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉमस पेटिग्रू यांनी त्यात मैत्री व्हायला पुरेसा वेळ मिळण्याची अट घातली. २००६ मध्ये त्यांनी आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात संपर्काने पूर्वग्रह सरासरीने कमी होतो असं निघालं, आणि चारही अटी पूर्ण नसतानाही थोडा फरक पडतोच असं दिसलं. तरी ऑलपोर्ट यांची यादी शाळांना जास्त उपयोगी पडते हे मान्य करायला हवं, कारण ती काय करायचं ते सांगते.

अडचण एकच पण चिवट आहे. मुलगा परत येऊन म्हणतो, 'आमचा लुकास मस्त आहे, तो इतर जर्मनांसारखा नाहीये', म्हणजे लुकास अपवाद ठरला आणि इतर जर्मन होते तिथेच राहिले. यावर उपाय म्हणून एकाच घरात न अडकता मिश्र गटात काम देतात, नाटक, वर्तमानपत्र, सर्व्हे असं काहीतरी, आणि कधी दोघांनाही परक्या असलेल्या तिसऱ्या ठिकाणी नेतात, तिथे यजमान-पाहुणा हा भेदच राहत नाही. टँडेम पद्धतीत, म्हणजे जोडीने एकमेकांची भाषा शिकताना, प्रत्येक जण अर्धा वेळ शिक्षक आणि अर्धा वेळ विद्यार्थी असतो, म्हणजे चुका करायची पाळी दोघांवर येते. हल्ली मात्र मुलं अडलं की सरळ इंग्रजीवर जातात, शिक्षक वैतागतात.

मुलांनी स्वतः काही मागितलं याचं ठळक उदाहरण २००३ चं. एलिझे कराराच्या चाळिशीनिमित्त बर्लिनमध्ये भरलेल्या युवा संसदेत दोन्ही देशांच्या विद्यार्थ्यांनी इतिहासाचं एकच सामाईक पाठ्यपुस्तक हवं म्हणून मागणी केली, आणि २००६ मध्ये त्याचा पहिला भाग दोन्ही भाषांत बाहेर आला. वर्गांत त्याचा वापर फार वाढला नाही ही गोष्ट वेगळी.

इतरत्र

याच नमुन्यावर १९९१ मध्ये जर्मन-पोलिश युथ ऑफिस आणि २०१६ मध्ये पश्चिम बाल्कनमधल्या सहा सरकारांचं रायको हे युवा सहकार्य ऑफिस निघालं, त्याचं मुख्यालय अल्बानियाची राजधानी तिरानात आहे. आपल्याकडे मुंबई आणि श्टुटगार्ट यांचं जुळं-शहर नातं १९६८ पासूनचं, आणि मुंबई-पुण्यात मॅक्सम्युलर भवनच्या आजूबाजूला जर्मन शिकणारी मुलं कमी नाहीत. पण फ्रेंच मूल युथ ऑफिसकडून अंतरानुसार मिळणारं प्रवास अनुदान घेऊन ट्रेनमध्ये बसतं, आणि इथल्या मुलाला विमानाचं तिकीट, शेंगेन व्हिसा, आई-वडिलांची बँक स्टेटमेंट्स हे सगळं लागतं, त्यामुळे ऑलपोर्ट यांची समान दर्जाची पहिली अट निघण्याआधीच लंगडी पडते.