पूल, वेकफील्ड

(२४ फेब्रुवारी १९३६ – २७ ऑक्टोबर २०२१). अमेरिकन नर्तक, नृत्यदिग्दर्शक आणि समलिंगी प्रौढपटांचे दिग्दर्शक. जन्म नॉर्थ कॅरोलायनातील सॉल्झबरी येथे. सुरुवातीस ‘बॅले रूस द माँते कार्लो’ या मंडळीत नर्तक, पुढे ब्रॉडवेवर नृत्यदिग्दर्शन.

पूल यांची ख्याती मुख्यतः ‘बॉईज इन द सँड’मुळे (१९७१). सुमारे ८,००० डॉलर खर्चून, ऑगस्टमधल्या तीन शनिवार-रविवारी तो न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंड या समलिंगी पुरुषांच्या आवडत्या सुटीच्या बेटावर चित्रित झाला. फुटाळा तलावाच्या काठी घटकाभर बसायचे तरी चार नजरा चुकवाव्या लागणाऱ्या नागपूरकर जोडीला या बेटाची कल्पना सहज यावयाची नाही. मधल्या भागात नायक टपालाने मागवलेली गोळी पोहण्याच्या तलावात टाकतो, पाणी फेसाळते आणि त्यातून एक तरुण वर येतो. संवादापेक्षा देहाच्या हालचालीवर भिस्त ठेवण्याची ही रीत नर्तकाचीच.

हा ‘पहिला’ समलिंगी प्रौढपट म्हणावा काय, हा वादाचा मुद्दा. दिग्दर्शक पॅट रॉको यांचे नग्नपट लॉस एंजेलिसच्या थिएटरात १९६८ पासूनच लागत. परंतु ते सौम्य होते. अँडी वॉरहॉल यांच्या ‘ब्लू मूव्ही’त (१९६९) संभोग उघड दिसतो, पण जोडपे स्त्री-पुरुषाचे. त्याआधीच्या, हातोहाती फिरणाऱ्या निनावी रिळांची कालनिश्चिती अवघड आहे. म्हणून श्रेयनामावलीसह, वृत्तपत्रात जाहिरात देऊन सार्वजनिक थिएटरात लागलेला (२९ डिसेंबर १९७१) आणि ‘व्हरायटी’ या चित्रपटव्यवसायाच्या नियतकालिकाने परीक्षण छापलेला पहिला, एवढेच म्हणणे सुरक्षित. बहुचर्चित स्त्री-पुरुष प्रौढपट ‘डीप थ्रोट’ त्यानंतरचा (१९७२).

‘बिजू’त (१९७२) अपघातात सापडलेल्या बाईच्या पर्समधून एका बांधकाम मजुराला क्लबचे आमंत्रण मिळते, कलादृष्ट्या तो सरस वाटतो. ‘बायबल!’ चालला नाही. एड्सच्या साथीनंतर पूल यांनी हे क्षेत्र सोडले व आचाऱ्याचा पेशा धरला. आत्मचरित्र २००० साली प्रसिद्ध झाले.

‘प्रौढपट’ हा कोशातला शब्द. बोलण्यात ‘ब्लू फिल्म’ किंवा नुसते ‘बीपी’. नागपुरात समलिंगी समाजाची अभिमान यात्रा २०१६ साली निघाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. चित्रणाला मात्र ही मोकळीक लागू नाही: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-अ खाली असे साहित्य प्रसारित केल्यास पहिल्या दोषसिद्धीला ५ वर्षांपर्यंत कैद व १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.