सह्याद्रीतलं पीस आणि फ्लोरिडाचा मासा: टार्पन फ्लायची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९१ साली मासेमारीच्या फ्लायची पाच तिकिटं काढली, प्रत्येकी २९ सेंटची. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस आणि दोरा बांधून केलेलं खोटं आमिष. त्या पाचांत ‘जॉक स्कॉट’ ही सॅमन माशासाठीची जुनी ब्रिटिश फ्लाय होती आणि ‘आप्टे टार्पन’ ही टार्पन या मोठ्या समुद्री माशासाठीची, फ्लोरिडातली. सातारा-सांगलीच्या वाचकाला दुसरं नाव ओळखीचं वाटेल, पण हे आप्टे कोकणस्थ नव्हेत. स्टू आप्टे हा अमेरिकी वैमानिक आणि फ्लोरिडा कीज बेटांवर लोकांना मासेमारीला घेऊन जाणारा नावाजलेला वाटाड्या. आपलं नातं आहे ते पहिलीशी. जॉक स्कॉटच्या दोन्ही अंगांना जे पिवळसर चकचकीत ठिपके दिसतात, ते राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस असतं. हाच रानकोंबडा कोयना-चांदोलीच्या जंगलात पहाटे आरवतो.

हा पक्षी फक्त भारतीय द्वीपकल्पातला. १८१३ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते भारतात हिंडलेल्या सोनरा या फ्रेंच निसर्ग अभ्यासकाच्या नावावरून. नराच्या मानेवरच्या पिसांचा दांडा टोकाशी चपटा होतो आणि मेण ओतून वाळवल्यासारखा दिसतो. पाण्यात भिजूनही त्याची चमक जात नाही. १९व्या शतकातल्या इंग्रज आणि स्कॉटिश गळकऱ्यांना हे पीस इतकं आवडलं की सॅमनची भारी फ्लाय त्याच्याशिवाय पुरी होईना. त्याच्या जोडीला मोर, टूकन, मकाव अशी जगभरच्या पक्ष्यांची पिसं. गंमत अशी की समुद्रातून नदीत चढलेला सॅमन जवळजवळ काही खातच नाही. मग हा सगळा थाट माशासाठी कमी आणि शेजारच्या गळकऱ्याला दाखवायला जास्त होता, असं माझं मत.

या हौसेची आणि त्याहून मोठ्या, बायकांच्या टोप्यांसाठी चालणाऱ्या पिसांच्या व्यापाराची किंमत पक्ष्यांनी मोजली. १९०२ साली ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची कातडी आणि पिसं निर्यात करण्यावर बंदी घातली. चोरटा व्यापार तरीही राहिलाच. स्वातंत्र्यानंतर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं दारही बंद केलं. आज परदेशात हे पीस मिळतं ते मुख्यतः तिकडेच पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांचं, आणि त्याचा भाव ऐकून आपल्याकडचा कुक्कुटपालक धंदा बदलेल.

फ्लायची मूळ जात मात्र इतकी शाही नव्हती. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला रोमन लेखक एलियन मॅसेडोनियातल्या गळकऱ्यांबद्दल लिहितो: ते गळाला लाल लोकर गुंडाळत आणि त्यावर कोंबड्याची दोन पिसं बांधत. टार्पनची फ्लाय पुन्हा याच साध्या सामानाकडे वळली.

अटलांटिकचा टार्पन हा उबदार किनाऱ्याचा मासा. खवले रुपयाच्या नाण्याहून मोठे, लांबी दोन मीटरच्या पुढे जाऊ शकते. कमी प्राणवायूच्या पाण्यात तो वर येऊन तोंडाने हवा घेतो आणि ती हवेच्या पिशवीत भरतो, म्हणून तो पाण्याच्या पृष्ठभागावर लोळताना दिसतो आणि नेमका तिथेच सापडतो. १८८५ साली न्यूयॉर्कच्या डब्ल्यू. एच. वूड यांनी फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ९३ पौंडांचा (सुमारे ४२ किलो) टार्पन रॉड-रीळवर धरला. त्या मासेमारीची सुरुवात तिथून मानतात, पण गळाला आमिष खरं होतं. पिसांचं आमिष लावून एवढा मासा काढणं ही पुढच्या पिढ्यांची गोष्ट.

पहिली अडचण अगदी यांत्रिक होती. गोड्या पाण्याच्या फ्लायमध्ये लांब पिसं गळाच्या डोळ्याजवळ, म्हणजे दोर बांधायच्या छिद्रापाशी, बांधतात. तशी फ्लाय जड रॉडने वाऱ्यात जोरात फेकली की पिसं मागे गळाच्या वाकाला गुंडाळली जातात. मग फ्लाय पोहत नाही, गरगर फिरते, आणि टार्पन तोंड फिरवतो. १९३०-४०च्या दशकांत फ्लोरिडाच्या होमर रोड ज्युनियर यांनी पिसं उलट गळाच्या मागच्या टोकाला, वाकाच्या तोंडाशीच बांधली. दोन जोड्या, पाठी एकमेकींकडे करून, टोकं बाहेर फाकलेली. त्यापुढे एक पीस गोल फिरवून कॉलर. गुंडाळायला पिसाच्या वाटेत गळच उरला नाही. ओढून थांबलं की फाकलेली टोकं उघडतात, पुन्हा ओढलं की मिटतात, आणि फ्लाय पोहल्यासारखी हलते. पुढे कीज शैली म्हणून जी ओळखली जाते तिचा गाभा हाच. मिरजेत सतारीचे पडदे जसे दोऱ्याच्या घट्ट फेऱ्यांवर दांडीला धरून राहतात, तशी ही सगळी रचना दोऱ्याच्या ताणावर उभी असते. वर लाखेसारखा लेप देतात, पण सैल बांधलेल्याला लेप वाचवत नाही.

पुढचा भाग दोऱ्याने झाकून मोकळा सोडण्यालाही कारण आहे. टार्पनचे जबडे हाडाळ आणि काचकागदासारखे खरखरीत असतात. ते बारीक दोर घासून तोडतात, म्हणून शेवटच्या तुकड्याला जाड नायलॉन लावतात आणि त्याची जाड गाठ बसायला ही मोकळी जागा लागते. नायलॉनची घोषणा ड्यूपॉन्ट कंपनीने १९३८ साली केली, त्याआधी असा जाड आणि तरी न दिसणारा दोर मिळणं कठीण होतं. आंतरराष्ट्रीय विक्रमांच्या नियमात हा जाड तुकडा १२ इंचांहून लांब चालत नाही. १९६१ मध्ये आप्टेंच्या सोबतीने मासेमारीवर लिहिणारे जो ब्रूक्स यांनी १४८.५ पौंडांचा टार्पन काढला. १९७१ मध्ये स्वतः आप्टेंनी १५४ पौंडांचा काढला, तोही १२ पौंड ताकदीच्या दोरावर. २०० पौंडांची सीमा २००१ साली फ्लोरिडातल्याच होमोसासा इथे जिम हॉलंड ज्युनियर यांनी ओलांडली, २०२.५ पौंडांनी.

रंगांवर माणसं भांडतात: आप्टेंची नारिंगी-पिवळी, कुणाची काळी-लाल. मला त्यापेक्षा आकाराची गोष्ट महत्त्वाची वाटते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कीजमध्ये पालोलो नावाचे समुद्री किडे संध्याकाळी पाण्यावर येतात, बोटभर लांबीचे. शंभर पौंडांचे मासे तेव्हा ते तांबडे किडे टिपत असतात आणि मोठ्या फ्लायकडे बघतही नाहीत. टार्पनचं तोंड वर उघडतं, डोळे वर बघतात, त्यामुळे फ्लाय त्याच्या डोळ्याच्या पातळीवर किंवा किंचित वर हवी. खाली गेलेली फ्लाय त्याच्या लेखी नाहीच. सशाच्या कातड्याच्या पट्ट्या, टर्कीची मऊ पिसं, चमकीचे प्लास्टिक धागे हे नंतरचं सामान सावकाश बुडण्याच्या याच गणितातून आलं. फ्लोरिडात २०१३पासून टार्पन पकडून सोडायचाच, असा नियम आहे.

आपल्याकडेही टार्पन आहे: हिंद-प्रशांत महासागरातला, त्याच कुळातला पण बराच लहान. तो खाड्यांत शिरतो. कोयनेचं पाणी वीजघरांतून सह्याद्री पार करून वाशिष्ठीत पडतं आणि दाभोळच्या खाडीला मिळतं, म्हणजे कुंभार्ली घाट उतरणाऱ्या साताऱ्याच्या गळकऱ्याआधी पाणीच तिथे पोचलेलं असतं. या माशाला छोटी, पांढरी, बांगडीच्या व्यासाहूनही आखूड फ्लाय पुरते. सामान कोपऱ्यावरच्या चिकन सेंटरवर फुकट: गावरान कोंबड्याच्या पाठीची लांब पिसं, साबणाने धुऊन, सावलीत वाळवून, डांबरगोळ्यांत ठेवलेली. चमकीला साडीच्या काठाची जर. रानकोंबड्याचं पीस मात्र या डब्यात येऊ द्यायचं नाही. ते विकणं आणि विकत घेणं कायद्यात बसत नाही, आणि रोड यांच्या रचनेला त्याची गरजही नव्हती.